मधलं अक्षर

एखादा मुलगा जरा तोऱ्यात बोलला, ताट सरकवून 'मला नको ही भाजी' म्हणाला, की मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. 'आला मोठा बाजीराव!' आजी म्हणते, आई म्हणते, प्रसंगी मोठी बहीणही म्हणून घेते. पण त्यावर एकाही मुलाने 'कुठला बाजीराव?' असे उलट विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खरे म्हणजे विचारायला हवे. पहिला बाजीराव विसाव्या वर्षी पेशवा झाला, १७२८ साली पालखेडला त्याने निजामाला कोंडीत धरले आणि १७४० साली नर्मदेकाठी रावेरखेडीच्या छावणीतच त्याने डोळे मिटले. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ साली इंग्रजांशी वसईचा तह केला, १८१८ साली उरलेसुरले राज्य त्यांच्या हवाली केले आणि वर्षाला आठ लाख रुपये तनखा घेऊन बिठूरला तीस वर्षांवर काळ घालवला. आता ताट सरकवणारा मुलगा यातला कुठला? पहिला म्हणावा तर कौतुक होते, दुसरा म्हणावा तर शिवी होते. आजीला बहुधा दोन्ही एकदम म्हणायचे असते.

घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या बाजीरावाच्या धाकट्या भावाचे नाव चिमाजी अप्पा. दुसऱ्या बाजीरावाच्या धाकट्या भावाचे नाव? तेही चिमाजी अप्पाच! पहिल्या चिमाजी अप्पाने १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि दुसऱ्या बाजीरावाला तह करायला नेमकी वसईच सापडली. 'बाजीराव, चिमाजी अप्पा व वसई यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा' असा प्रश्न परीक्षेत आला, तर साठ वर्षांची गफलत करूनही मुलाला निम्मे गुण मिळायला हरकत नाही.

पण गंमत अशी, की त्या काळच्या कारकुनाची अशी गफलत होत नव्हती. त्याच्या लेखी एक होता बाजीराव बल्लाळ आणि दुसरा होता बाजीराव रघुनाथ. बल्लाळ म्हणजे बाळाजी विश्वनाथाचा मुलगा, रघुनाथ म्हणजे राघोबादादाचा मुलगा. संपला प्रश्न. 'पहिला' आणि 'दुसरा' ही इस्त्री केलेली लेबले आपण नंतर चिकटवली. मूळ कापडावर धोब्याची खूण आधीपासूनच होती.

माझी सगळी तक्रार या खुणेबद्दल आहे. जगात नावे थोडी आणि माणसे फार, त्यामुळे एकाच नावाची दोन-चार मोठी माणसे निघणारच. त्यात त्यांचा काही अपराध नाही. पण या माणसांना वेगळे ठेवणारे जे एक अक्षर नाव आणि आडनाव यांच्या मध्ये उभे असते, ते आपण हल्ली जुन्या छत्रीसारखे कोपऱ्यात टाकून दिले आहे. त्या अक्षराची बाजू मांडायला कोणी वकील उभा राहत नाही, म्हणून मी उभा आहे. फी नाही. पक्षकाराला तर पुरते नावही नाही, नुसता टिंब दिलेला एक वर्ण!

साध्या माणसांना हे शहाणपण उपजत असते. आमच्या चाळीत तीन जोशी होते. एक पोस्टातले जोशी, एक पेटीवाले जोशी आणि एक भाडे थकवणारे जोशी. तिसऱ्या जोशींनी पुढे भाडे नियमित द्यायला सुरुवात केली, तरी ते शेवटपर्यंत 'भाडे थकवणारे जोशी'च राहिले. कारण खूण बदलली असती तर पोस्टमनचा घोटाळा झाला असता. चाळीला जे कळते ते विद्वानांना, वक्त्यांना आणि नगरपालिकांना कळू नये, हे माझे दुखणे आहे.

संतांकडे पाहा. त्यांना आडनावाची गरज नव्हती. अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले की काम झाले. पण संत नामदेवांच्या नंतर विष्णुदास नामा म्हणून आणखी एक कवी होऊन गेला आणि तोही शेवटी 'नामा'च! परिणाम असा झाला, की नामदेवांच्या गाथेत या दुसऱ्या नाम्याचे अभंग मिसळले, आणि कुठला अभंग कुणाचा हे निवडत बसण्यात विद्वानांच्या पिढ्या खपल्या. ज्ञानदेवांच्या बाबतीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका पंडिताने ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे, असा वाद घातला. तो वाद टिकला नाही. पण नुसते एक नाव मागे ठेवून गेलेल्या माणसाचे शेसव्वाशे नव्हे, सहाशे वर्षांनंतरही दोन तुकडे करायला कोणी तरी निघते, हे त्यातून दिसले.

आता एकनाथ पाहा. ते नुसते 'एका' म्हणून थांबत नाहीत. ते म्हणतात 'एका जनार्दनी'. जनार्दनस्वामींचे नाव त्यांनी आपल्या नावाला जोडून दिले. भक्तांना त्यात गुरुभक्ती दिसते आणि ती आहेच. पण मला त्यात मराठीतले अत्यंत शिस्तीचे मधले अक्षरही दिसते. पुढे दहा एकनाथ होऊ देत. जनार्दनस्वामींचा एकनाथ एकच.

हे शहाणपण मराठी लेखकांनी पुढे नीट सांभाळले होते. पु. ल. देशपांडे ठाऊक नसलेला मराठी माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. पण पु. य. देशपांडे? तेही पुरुषोत्तमच. एक पुरुषोत्तम लक्ष्मण, दुसरे पुरुषोत्तम यशवंत. पु. यं.ना 'अनामिकाची चिंतनिका'बद्दल १९६२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पु. लं.ना 'व्यक्ती आणि वल्ली'बद्दल १९६५ सालचा. म्हणजे तीन वर्षांत दोन पुरुषोत्तम देशपांड्यांना तोच पुरस्कार! आता यातले 'ल' आणि 'य' काढून टाका आणि काय होते ते बघा. एखादा भाबडा वाचक दिवसभराच्या कटकटीनंतर हसावे म्हणून ग्रंथालयातून 'पुरुषोत्तम देशपांडे' घेऊन घरी येतो, उशीला टेकून 'चिंतनिका' उघडतो आणि पहिल्या दहा पानांत विनोद कुठे आहे ते शोधत राहतो. शेवटी बायकोला म्हणतो, 'या वेळी फारच सूक्ष्म लिहिलंय हो त्यांनी.' यात पु. लं.चे काही बिघडत नाही. फुकट मारले जातात ते पु. य.!

संगीताच्या दालनातही तेच. वसंत देसाई म्हटले की 'दो आँखें बारह हाथ'चे संगीतकार. पण मराठी रंगभूमीच्या रंगलेल्या आठवणींचे 'मखमलीचा पडदा' हे पुस्तक लिहिणारेही वसंत देसाईच, वसंत शांताराम देसाई. दोघांचाही संगीताशी आणि नाटकाशी संबंध. 'शां.' हे अक्षर मध्ये उभे आहे म्हणून बरे, नाही तर संगीतकाराच्या खात्यावर एक पुस्तक जमा व्हायला किती वेळ लागतो?

याहून कडी म्हणजे राजवाडे बंधू. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे वडील बंधू, निरुक्ताचे गाढे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे. मराठीत एक वि. का. आणि दुसरे वै. का. एका वेलांटीचा आणि दोन मात्रांचा फरक, पण फरक आहे. इंग्रजीत गेले की दोघेही व्ही. के.! इतिहासाची साधने गावोगाव फिरून गोळा करणारा आणि लिहीन तर मराठीतच लिहीन म्हणून हट्ट धरणारा माणूस इंग्रजी आद्याक्षरांत शिरला, की सख्ख्या भावात विरघळून जातो. वि. कां.चा हट्ट किती दूरदर्शी होता, हे पटवायला एवढा पुरावा पुरे.

यावर काही मंडळी म्हणतील, 'अहो, हे सगळे जुने झाले. मधल्या नावाला आता कोण विचारतो?' कोणीच विचारत नाही हे खरे आहे. परवा एका बँकेचा अर्ज भरताना मला दोनच चौकटी दिसल्या. एक नावाची, एक आडनावाची. मी खिडकीतल्या मुलीला विचारले, 'वडिलांचं नाव कुठं लिहू?' ती म्हणाली, 'काका, ते ऑप्शनल आहे.' ज्यांच्यामुळे मी या जगात आलो ते गृहस्थ ऐच्छिक विषय झाले! त्याच बँकेत माझ्या नावाचा नि आडनावाचा आणखी एक खातेदार आहे, हे मला त्याचे पत्र माझ्या घरी आल्यावर कळले. त्याच्यावर कर्ज होते.

दुसरी मंडळी याच्या उलट टोकाची. त्यांना मधले नाव नको आणि पहिलेही नको. त्यांना नुसते 'साहेब', 'अण्णा', 'काका' हवेत. काकासाहेब म्हणजे कोण? नाटककार खाडिलकर, राजकारणातले गाडगीळ की गांधीजींच्या आश्रमातले कालेलकर? अण्णा म्हटले तर अण्णासाहेब किर्लोस्कर, अण्णासाहेब कर्वे आणि अण्णाभाऊ साठे. यांतल्या एकाचे नाव बळवंत, दुसऱ्याचे धोंडो, तिसऱ्याचे तुकाराम. एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणजे देवाने आणि आईबापांनी तीन वेगळी नावे दिली होती, ती आपण प्रेमाच्या भरात एक केली! चित्रपटातले दोन दादासाहेब तर शेजारी शेजारीच उभे आहेत. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला १९१२च्या मे महिन्यात, आणि दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कॉरोनेशनमध्ये लागला १९१३च्या मे महिन्यात. तोरण्यांनी नाटकाचेच चित्रण केले होते म्हणून तो पहिला चित्रपट धरायचा की नाही, याचा वाद पुष्कळ झाला आहे. त्या वादात मी पडत नाही. पण सभेत वक्ता 'आपल्या दादासाहेबांनी पहिला चित्रपट काढला' म्हणतो तेव्हा टाळ्या धुंडिराज गोविंदांना पडतात, आणि रामचंद्र गोपाळ बिचारे त्याच नावाने हाक ऐकूनही मागच्या रांगेत बसून राहतात.

आता खरा आक्षेप येतो. 'जो मोठा तो उरतो. बाकीचे गेले तर बिघडले कुठे?' असे म्हणणारी माणसे मला वरकरणी व्यवहारी आणि आतून आळशी वाटतात. बिघडते ते असे, की नाव सारखे झाले की मोठा माणूस लहान माणसाला गिळतो, आणि कधी कधी दोन्ही मोठेच असतील तर अलीकडचा पलीकडच्याला गिळतो. छत्रपती शाहू म्हणा. १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे कोल्हापूरचे राजर्षी शाहू डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी बाळाजी विश्वनाथाला आणि मग त्याच्या विशीतल्या मुलाला पेशवेपद दिले, ते साताऱ्याचे शाहू? मुलांना विचारा. मुले दोघांना एक करून अडीचशे वर्षांचा एकच राजा तयार करतात. फोनला विचारा, तो एकाच्या चरित्राला दुसऱ्याचे चित्र लावून मोकळा होतो, आणि वर चुकल्यासारखे तोंडही करत नाही.

आणि बायकांच्या बाबतीत तर हे बिघडणे फार जिव्हारी लागणारे आहे. एका शाळेच्या समारंभात मी पाहिलेली गोष्ट. हार घातला होता रमाबाई रानड्यांच्या तसबिरीला. पाहुणे बोलले ते रमाबाईंच्या विलायतेच्या प्रवासाबद्दल, तिथे त्यांनी घेतलेल्या बाप्तिस्म्याबद्दल आणि केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल. म्हणजे सगळे पंडिता रमाबाईंबद्दल! पुण्याच्या सेवासदनासाठी झिजलेल्या रमाबाई हाराआडून शांतपणे ऐकत होत्या. आभार मानणाऱ्या बाईंनी पाहुण्यांच्या 'अभ्यासपूर्ण' भाषणाचा खास उल्लेख केला. तिथे रमाबाई आंबेडकरांची तसबीर असती तरी तेच भाषण झाले असते, आणि थेऊरला सती गेलेल्या माधवराव पेशव्यांच्या रमाबाईंची असती तरी तेच.

इथे माझ्या पक्षकाराला अडचणीत आणणारी एक गोष्ट आहे, ती मीच सांगून टाकतो. बायकांच्या नावांचा हा गोंधळ योगायोगाने झालेला नाही. तो आपण लग्नमंडपात, तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नाव लिहून केलेला आहे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी. झालेल्या, त्याही माहेरच्या यमुनाच! एकीची रमा झाली, दुसरीची आनंदी. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी. त्यांच्याही झाल्या आनंदीबाई, आणि माहेरच्या त्या जोशीच. झाशीच्या लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका तांबे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोघी लहानपणी मनू आणि दोघी लग्नानंतर लक्ष्मी! मराठीत नावांचा दुष्काळ होता म्हणावे, तर गोदू, यमुना, मनकर्णिका अशा भरल्या नद्या आणि घाट माहेरी सोडून या बायका सासरी आल्या होत्या. आपण त्या नद्या आटवल्या आणि रमा, आनंदी, लक्ष्मी या तीन हौदांत सगळ्यांना भरले.

बरे, माझे लाडके मधले अक्षर यांना वाचवील म्हणावे, तर तेही नवऱ्याचेच! म्हणजे नाव नवऱ्याने दिलेले, मधले अक्षर नवऱ्याचे, आडनावही नवऱ्याचे. बाईचे स्वतःचे असे त्यात टिंबदेखील नाही. या सगळ्यांत एकच बाई अशी, की जिची खूण तिने स्वतः मिळवली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाई डोंगरे नावाच्या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' म्हटले. म्हणून आज चार रमाबाई एका ओळीत उभ्या केल्या तरी ती चटकन ओळखू येते. बाकीच्या तिघी त्यांच्या नवऱ्यांच्या खुणेने ओळखाव्या लागतात. त्यात रमाबाई रानड्यांचा काय दोष? त्यांनीही स्वतःची आठवणींची वही लिहिली, संस्था चालवली. पण नावापुढे लावायला त्यांना कोणी स्वतंत्र अक्षर दिले नाही.

म्हणून माझा पक्षकार आता थोडा सुधारून घ्यायला मी तयार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव घालायचे ठरवले: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. काही लोकांनी कपाळाला हात लावला. 'एवढं लांब नाव कोण लिहिणार?' मला मात्र हा निर्णय कळला तेव्हा पु. य. देशपांडे आणि यमुना कुर्लेकर दोघेही आठवले. आता एक सोडून दोन मधली अक्षरे झाली. उद्या दोन पुरुषोत्तम देशपांड्यांचे वडीलही एकाच नावाचे निघाले, तरी आई त्यांना वेगळे ठेवील. आयांनी आजवर घरात तेच काम केले आहे.

एका अक्षराने काय होते, असे मराठी माणसाने तरी विचारू नये. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असे लिहिलेल्या कागदावर आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. खरी असो वा नसो, एका अक्षराने माणूस जातो यावर आपला विश्वास आहे. मग एका अक्षराने माणूस राहतो, यावर का नसावा?

जागा नसते, हे उत्तर मला कोणी देऊ नये. रस्त्याच्या कोनशिला मी नीट वाचतो. ज्याच्या नावाचा रस्ता, त्याला एक ओळ, तीही नुसती नाव-आडनावाची. कधी कधी नुसतेच 'अमुकसाहेब मार्ग'. त्याखाली उद्घाटकांचे नाव, त्यापुढे 'मा.', त्यापुढे 'ना.', खाली खाते, खाली अध्यक्ष, खाली प्रमुख उपस्थिती, खाली नगरसेवकांच्या दोन रांगा. या सगळ्यांना अक्षरे पुरतात. 'ना.' म्हणजे नामदार, हे इतके अंगवळणी पडले आहे, की ना. सी. फडके हे कुठल्या खात्याचे मंत्री होते, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर मी त्याला दोष देणार नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. त्या दगडावरच्या 'मा.' आणि 'ना.' यांपैकी दोन अक्षरे खालून उचलून वर न्यावीत. पुरुषाचा रस्ता असेल तर त्याच्या आईबापांची. बाईचा असेल तर आधी तिचे माहेरचे नाव. उद्घाटकांना राग येईल. पण त्यांच्याही नावाचा कोणी तरी दुसरा कुठे तरी असणारच. आज ना उद्या त्यांनाही त्या अक्षराची गरज पडेल.